दुःख आवरणं आणि दुःख गिळणं

इंदूरच्या रामबागेतलं एखादं मराठी घर घ्या. शेजारच्या हिंदी घरांत तिसऱ्या दिवशी उठावणा, म्हणजे शोकसभा, होऊन जातो, इथे दहा दिवस सुतक आणि मग तेरावा. समाचाराला येणाऱ्यांना सामोऱ्या जाणाऱ्या दोघी जावांचे डोळे कोरडे. दोघींबद्दल लोक एकच म्हणतात, "फार खंबीर आहेत हो." पण एकीने दुःख आवरलंय, दुसरीने गिळलंय.

आवरणारीला ठाऊक असतं की आत्ता नाही, पण रात्री बहिणीजवळ रडायचंय. गिळणारी स्वतःलासुद्धा सांगते, "मला काही झालेलं नाही." मानसशास्त्रज्ञ जेम्स ग्रॉस यांच्या 1998 च्या प्रयोगात किळसवाणी दृश्यं बघताना काहींना चेहरा निर्विकार ठेवायला सांगितलं होतं. चेहरा शांत राहिला, किळस तेवढीच राहिली, शरीरावरचा ताण मात्र वाढला.

आवरणं म्हणजे ढोंग नव्हे. शोकाचा अभ्यास करणाऱ्या स्ट्रोब आणि शुट यांनी 1999 मध्ये मांडलं की माणूस दुःख आणि रोजचे व्यवहार यांत येरझारा घालतच सावरतो. बँकेतली नावबदली, मुलांचे डबे हेही त्यातच आलं. गिळणाऱ्याची येरझार थांबलेली असते. गेलेल्याचं नाव घरात निघत नाही. बाबा रविवारी जिथून पोहे-जिलेबी आणायचे, तो रस्ताच महिनोन्महिने टाळला जातो. क्षुल्लक गोष्टीवर भडका उडतो.

आवरलेलं दुःख मोकळं करायला रोज पंधरा-वीस मिनिटं ठरवा, शक्यतो झोपायच्या अगदी आधी नको. फोन दुसऱ्या खोलीत. जे वाटतंय त्याला नेमका शब्द द्या, "वाईट वाटतंय" एवढ्यावर भागत नाही. राग आहे? अपराधीपणा? दीर्घ आजारपणानंतर "सुटलो" असंही वाटतं, आणि सगळ्यात जास्त लपवलं जातं ते हेच. ते वाटल्याने माया कमी ठरत नाही. लिहायचं असेल तर सलग चार दिवस, रोज पंधरा मिनिटं. शुद्धलेखन बघू नका. लिहून झाल्यावर थोडा वेळ जास्त जड वाटतं. तिथेच बरेच जण वही मिटतात, म्हणून आधीच सांगितलेलं बरं. पहिल्या आठवड्यात मात्र लिहिण्याची सक्ती नको.

घोटाळा होतो तो तेराव्यानंतर. पाहुणे परततात, रजा संपते, आणि ठरवलेली वेळ पहिल्यांदा चुकते ती तेव्हाच. खरी सोबत त्या आठवड्यात लागते, म्हणून नातेवाइकांनी "रडू नकोस" म्हणण्यापेक्षा "गुरुवारी संध्याकाळी येऊ का?" असं विचारावं.

सहा महिने उलटूनही गेलेल्याची ओढ तेवढीच तीव्र असेल आणि रोजची कामं होत नसतील, तर मानसोपचारतज्ज्ञाला दाखवा. जगणं नको असा विचार आला तर मुदत बघू नका: 14416 हा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा क्रमांक मोफत आहे आणि रात्रीही लागतो.