केळ्याचा वास आणि आग्या मोहोळ

मंडईतून आणलेली केळी पावसाळ्यात दोन दिवसांत मऊ पडतात आणि त्यांच्याभोवती बारीक चिलटं भिरभिरायला लागतात. पिकल्या केळ्याच्या वासात मोठा वाटा असतो आयसोअमाइल अ‍ॅसिटेट या रसायनाचा. हेच रसायन मधमाशीच्या नांगीपाशीही असतं. तिनं डंख मारला की ते हवेत पसरतं आणि बाकीच्या माश्या चवताळतात. पुण्यात उंच इमारतींच्या सज्ज्याखाली लटकणारं आग्या मोहोळ उठलं की एका डंखामागोमाग दुसरा बसतो, त्यामागे हाच वास. चिलटं मात्र त्याच्या मागावर जेवायला येतात. म्हणजे वासाचा अर्थ रसायनात नसतो, तो मेंदू लावतो.

कसा लावतो, हे चिलटाच्या मेंदूत फार सुंदर दिसतं. त्याच्या शृंगिकांवरच्या बहुतेक चेतापेशींत वास पकडणारं एकेकाच जातीचं प्रथिन असतं. एका जातीच्या सगळ्या पेशींचे तंतू मेंदूत एकाच गाठीपाशी येतात. अशा गाठी जेमतेम ५० च्या आसपास. पण पेटीच्या मोजक्या पट्ट्यांतून कितीतरी स्वरमेळ निघतात, तसंच इथे होतं: कुठल्या गाठी एकदम जाग्या झाल्या आणि किती जोरात, त्यावरून वास ओळखला जातो. पुढे निरोपाच्या दोन वाटा होतात. एक जाते जन्मजात ओढ-तिटकारा ठरवणाऱ्या भागाकडे. दुसरी अळंबीच्या आकाराच्या भागाकडे, जिथे प्रत्येक बाजूला सुमारे २,००० पेशी असतात. एका वासाला त्यांतल्या थोड्याच पेशी प्रतिसाद देतात, म्हणून आठवणींची सरमिसळ होत नाही. अमुक वासापाठोपाठ गोड मिळालं, हे चिलट इथे शिकतं.

काही कामगंधांना, म्हणजे जोडीदाराला बोलावणाऱ्या वासांना, मात्र असा अनेक गाठींचा मेळ लागतच नाही. १९५९ साली जर्मन रसायनशास्त्रज्ञ अडॉल्फ बुटेनांट यांच्या गटानं रेशीम-पतंगाच्या सुमारे ५ लाख माद्यांच्या ग्रंथींतून बॉम्बिकॉल हा कामगंध वेगळा काढला. मादीच्या कामगंधासाठी नर पतंगाच्या मेंदूत स्वतंत्र, चांगल्या मोठ्या गाठी असतात, जणू एकाच सुरासाठी राखलेली पट्टी. ती वाजली की नर वाऱ्याच्या उलट दिशेनं निघालाच.

पुणे जिल्ह्यातल्या वांग्याच्या शेतात काठ्यांना टांगलेले कामगंध सापळे याच पट्टीवर बोट ठेवतात. आतल्या इवल्याशा ल्यूरला, म्हणजे मादीचा कामगंध भरलेल्या आमिषाला, मादी समजून फळ पोखरणाऱ्या अळीचे नर पतंग येऊन अडकतात. कपाशीच्या बोंडअळीला ती ल्यूर चालत नाही. तिच्या नराची पट्टी वेगळी.