इंदूर पद्धत (कंपोस्ट खत)

शेतातला काडीकचरा, शेण आणि गोठ्यातली मूत्र मुरलेली माती हवा खेळती ठेवून कुजवण्याची व सुमारे तीन महिन्यांत भाजीपाल्यास घालण्याजोगे खत करण्याची रीत. इंदूरच्या ‘इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्री’ या 1924 मध्ये स्थापन झालेल्या संस्थेत (आजचे कृषी महाविद्यालय) इंग्रज कृषिशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड आणि त्यांचे सहकारी यशवंत वाड यांनी ती बसवली. दोघांच्या नावाने 1931 मध्ये ग्रंथही निघाला. पुढे जगभर नाव झाले ते मात्र एकट्या हॉवर्ड यांचे.

मूळ खड्डा 30 फूट लांब, 14 फूट रुंद आणि जेमतेम 2 फूट खोल. उथळपणा मुद्दाम ठेवलेला, कारण खोल खड्ड्यात हवा पोचत नाही. कापसाच्या पऱ्हाट्यांसारखा टणक माल आधी शेतरस्त्यावर पसरत. बैलगाड्यांच्या चाकांखाली तो चेचला जाई. मग गोठ्यात गुरांखाली अंथरून शेणामुतासकट खड्ड्यात. त्यावर मूत्रमाती, लाकडाची राख, शेणकाला (पाण्यात कालवलेले शेण) आणि बेताचे पाणी. ढीग चांगलाच तापतो. साधारण पंधरा दिवसांनी, महिन्याने आणि दोन महिन्यांनी तो वरखाली करतात. खरी मेहनत या वरखाली करण्यातच आहे, आणि बहुतेक जण इथेच कंटाळा करतात. पावसाळ्यात खड्ड्यात पाणी साचते, म्हणून जमिनीवरच ढीग रचतात. कंपोस्टच्या दुसऱ्या एका रीतीत, बंगळूर पद्धतीत, असे वरखाली करणे नसते. कष्ट वाचतात, पण खताला वेळ जास्त लागतो.

भाजीपाल्यासाठी पूर्ण कुजलेलेच खत हवे. कच्च्या शेणखताबरोबर तणांचे बी आणि हुमणी (मुळे खाणारी अळी) वाफ्यात येते, गाजर-मुळ्यांना फाटे फुटतात. कच्च्या काडीकचऱ्यावरचे जीवाणू जमिनीतला नत्र स्वतःच वापरतात आणि रोपे पिवळी पडतात. पालक, मेथी, कोथिंबीर कच्च्या खतातले रोगजंतू थेट ताटात आणू शकतात. तयार खत काळे, भुसभुशीत असते. त्याला शेणाचा नव्हे, मातीचा वास येतो. हेक्टरी 20 ते 25 टन खत लागवडीपूर्वी मातीत मिसळण्याचा प्रघात आहे. इंदूरभोवतीच्या माळवा प्रदेशातल्या चिकण काळ्या जमिनीत त्याचा मोठा उपयोग म्हणजे माती मोकळी होते आणि पाण्याचा निचरा सुधारतो. अन्नद्रव्ये मात्र सावकाश मिळतात, त्यामुळे फुलकोबीसारख्या खादाड पिकाला निंबोळी किंवा एरंडीच्या पेंडीची जोड द्यावी लागते.