न्यू ऑर्लिन्स: चर्चमधला वर्णभेद कोर्टाने मोडला नाही

‘1954च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालामुळे अमेरिकेतल्या कॅथलिक चर्चमधला वर्णभेद संपला’ असं सर्रास सांगतात. तो निकाल सरकारी शाळांतल्या वर्णभेदापुरता होता. अमेरिकेच्या दक्षिणेतल्या न्यू ऑर्लिन्समध्ये कृष्णवर्णीय चर्चमध्ये मागच्या बाकांवर बसत, ख्रिस्तप्रसाद (उपासनेत मिळणारी पवित्र भाकर) गोऱ्यांनंतर घेत. 1895पासून त्यांचे धर्मग्रामही (एकेका चर्चशी जोडलेले भाविकांचे समुदाय) वेगळे निघू लागले. तिथले आर्चबिशप (मुख्य धर्माधिकारी) रमेल यांनी मार्च 1953 मध्येच पत्र काढून बाकं, ख्रिस्तप्रसाद जिथे घेतात तो कठडा, पापनिवेदन (धर्मगुरूपुढे पापांची कबुली) आणि धर्मग्रामाच्या सभा यांतला भेद बंद केला. कागदावर, अर्थात! 1955 मध्ये न्यू ऑर्लिन्सजवळच्या जेझुइट बेंड गावी गोऱ्या भाविकांनी कृष्णवर्णीय धर्मगुरूला मिस्सा (कॅथलिकांची मुख्य उपासना) करू दिली नाही. रमेल यांनी तिथली उपासनाच थांबवली. चर्चच्या शाळांतला वर्णभेद मोडणं मात्र 1962पर्यंत रखडलं. त्या वर्षी एप्रिलमध्ये या बदलाच्या विरोधाचं पुढारपण करणाऱ्या तिघांना रमेल यांनी चर्चमधून बहिष्कृत केलं.