सदर्न सन आणि सन इंटरनॅशनल: नावात सूर्य, पण कंपन्या दोन

दक्षिण आफ्रिकेत हॉटेल शोधताना ‘सदर्न सन’ आणि ‘सन इंटरनॅशनल’ ही नावं दिसली की ती एकाच कंपनीची वाटतात. तशी ती नाहीत. पण गोंधळ होणं साहजिक आहे, कारण दोन्हींचा जन्मदाता एकच, सोल कर्झनर.

कर्झनर १९३५ साली जोहान्सबर्गमध्ये, स्थलांतरित ज्यू कुटुंबात जन्मले. शिकले हिशेबनीस म्हणून, पण जीव रमला हॉटेलात. १९६४ मध्ये डरबनजवळच्या उम्हलांगा किनाऱ्यावर त्यांनी ‘बेव्हर्ली हिल्स’ उघडलं. देशातलं पहिलं पंचतारांकित हॉटेल म्हणून ते ओळखलं जातं. १९६९ मध्ये साउथ आफ्रिकन ब्रुअरीज या बिअर कंपनीच्या भागीदारीत सदर्न सन सुरू झाली. डरबनच्या समुद्रासमोरच्या त्यांच्या ‘एलांगेनी’च्या नावातही सूर्यच आहे, झुलू भाषेत ‘इलांगा’ म्हणजे सूर्य.

सन इंटरनॅशनलची गोष्ट वेगळी आहे, आणि ती नीट समजून घ्यायला हवी. वर्णभेदी सरकारच्या काळात दक्षिण आफ्रिकेत जुगाराला बंदी होती. त्याच सरकारने कृष्णवर्णीयांसाठी ‘होमलँड’ नावाचे तुकडे पाडले, त्यांतल्या काहींना ‘स्वतंत्र’ ठरवलं आणि तिथल्या म्हणवल्या गेलेल्या लोकांचं दक्षिण आफ्रिकेचं नागरिकत्व काढून घेतलं. जगाने हे स्वातंत्र्य कधी मानलं नाही. पण कागदोपत्री तो परदेश, त्यामुळे तिथे कसिनो चालत होता. बोफुथात्स्वाना या होमलँडमध्ये, जोहान्सबर्गहून गाडीने दोनेक तासांवर, १९७९ मध्ये कर्झनरनी ‘सन सिटी’ हे कसिनो-रिसॉर्ट उभारलं. माझ्या मते या माणसाच्या कल्पकतेचं कौतुक करताना हा पाया झाकता येत नाही. १९८५ मध्ये अनेक नामवंत कलाकारांनी एकत्र येऊन ‘आम्ही तिथे गाणार नाही’ असं जाहीरपणे गाण्यातूनच सांगितलं होतं.

१९८३ च्या सुमारास वाटणी झाली. शहरांतली हॉटेलं सदर्न सनकडे राहिली, होमलँडमधली कसिनो-रिसॉर्ट्स सन इंटरनॅशनलकडे गेली आणि कर्झनरही तिकडेच गेले. १९९२ मध्ये सन सिटीत ‘लॉस्ट सिटी’चा राजवाडा उघडला. समुद्रापासून शेकडो किलोमीटर आत कृत्रिम लाटांचा किनारा, आणि दगडी हत्तींच्या रांगांमधला एक पूल, जो ठरलेल्या वेळी भूकंपासारखा गडगडतो! १९९४ मध्ये ऐश्वर्या राय मिस वर्ल्ड झाली ती याच सन सिटीत.

आज ‘कसिनो म्हणजे सन इंटरनॅशनल’ एवढ्यावर ओळख पटत नाही, कारण लोकशाही आल्यावर कायदा बदलला आणि कसिनो देशभर निघाले. सदर्न सनची हॉटेलं तर मधली काही वर्षं ‘त्सोगो सन’ नावाने चालत होती. जुनं नाव २०२२ मध्ये परत आलं. त्यात दुबईचं ‘अटलांटिस’ हॉटेल या दोन्हींपैकी कोणाचंच नाही. ते तिसऱ्या कंपनीचं, कर्झनर इंटरनॅशनलचं. तिचंही आधीचं नाव ‘सन इंटरनॅशनल हॉटेल्स’च होतं, २००२ मध्ये ते बदललं.

कर्झनर मार्च २०२० मध्ये केपटाउनला वारले. बेव्हर्ली हिल्स आजही सदर्न सनकडे आहे, सन सिटी सन इंटरनॅशनलकडे.