हत्तीनची तहान

3 जुलै 1187, हत्तीनच्या लढाईचा आदला दिवस. पहाटे पॅलेस्टाइनमधल्या सफ्फुरियाच्या झऱ्यांवरचा तळ उठवून क्रुसेडरांचे, म्हणजे ख्रिस्ती धर्मयोद्ध्यांचे सैन्य पूर्वेकडे निघाले. सुमारे 20 हजार माणसे, त्यांत 1,200 च्या आसपास चिलखती घोडेस्वार. इजिप्त आणि सीरियाचा सुलतान सलाहुद्दीन याने तलावाकाठच्या तिबेरियास शहराला वेढा घातला होता, तिथल्या किल्ल्यात क्रुसेडर सरदार रेमंडची बायको अडकली होती. खुद्द रेमंड सांगत होता, पाणी सोडून हलू नका. जेरुसलेमचा ख्रिस्ती राजा गी याने ऐकले नाही.

त्यामागे चार वर्षांपूर्वीची एक गोष्ट होती. 1183 मध्ये याच गी याच्या हाताखालचे सैन्य झऱ्यांना धरून बसले, लढाईला उतरलेच नाही आणि रसद संपत आल्यावर सलाहुद्दीनला हात हलवत परतावे लागले. क्रुसेडरांनी मात्र गी याला भित्रा ठरवले. सलाहुद्दीनने त्यातून घेतलेला धडा मला त्याच्या तलवारीपेक्षा मोठा वाटतो: शत्रूला आधी पाण्यापासून तोडायचे.

वाट होती जेमतेम एका दिवसाच्या मजलेची. पण जुलैचे ऊन, अंगावर लोखंडी कड्यांचे चिलखत आणि त्याखाली जाड कापडी अंगरखा. घाम कातडीवरून उडून जातो तेव्हाच अंग थंड होते. एक लिटर घाम उडताना सुमारे 580 किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. इथे तो अंगरख्यातच मुरत होता. पाणी जात होते, गारवा मिळत नव्हता. अशा श्रमात तासाला लिटरभर घाम सहज जातो. 70 किलोच्या माणसाच्या अंगातले दीड लिटर पाणी कमी झाले, की दम टिकत नाही. रक्त आटते, नाडी धावू लागते, पुढे घामही कमी होतो आणि अंग तापत जाते.

घोड्यांचे हाल याहून वाईट. घोड्याचा घाम त्याच्या रक्ताइतकाच, किंबहुना जास्त खारट असतो. पाण्याबरोबर क्षारही जातात, स्नायू ढिले पडतात. रक्त दाट खारट न झाल्याने त्याला वेळेवर तहानही लागत नाही. माणशी पाच लिटर धरले तरी त्या सैन्याला रोज एक लाख लिटर पाणी हवे होते, म्हणजे दहा हजार लिटरचे दहा टँकर, घोड्यांचे वेगळेच. वाटेत तुरआनचा झरा होता. सैन्य तो मागे टाकून पुढे गेले आणि सलाहुद्दीनच्या तुकड्यांनी मागून येऊन तो अडवला. रात्र कोरड्या माळावर काढावी लागली.

सलाहुद्दीनच्या तळावर मात्र उंट तलावाचे पाणी पखाली भरभरून आणत होते. सकाळी त्याच्या लोकांनी वाळलेले गवत पेटवले. वारा क्रुसेडरांच्या तोंडावर होता. आधीच सुकलेल्या घशात धूर गेला, डोळे झोंबू लागले. पायदळ फुटले आणि ‘हत्तीनची शिंगे’ म्हणतात त्या विझलेल्या ज्वालामुखीच्या टेकडीवर चढले. तिथून तलावाचे पाणी दिसत होते, पाचशे मीटरहून अधिक खाली. मध्ये सलाहुद्दीन उभा होता.

शेजारी त्याचा मुलगा अल-अफदल होता. शत्रू मागे हटला, की तो ओरडे, ‘आपण जिंकलो!’ बापाने त्याला गप्प केले: तो तंबू पडेपर्यंत आपण जिंकलेलो नाही. तेवढ्यात राजाचा तंबू पडला. सलाहुद्दीन घोड्यावरून उतरला, जमिनीवर डोके टेकले आणि रडला. पुढे 2 ऑक्टोबरला जेरुसलेम त्याच्या हाती आले.

संध्याकाळी कैद झालेल्या गी याला त्याने बर्फाने गार केलेले पेय दिले. गी प्यायला आणि उरलेले त्याने शेजारच्या रेनाल्डच्या हाती दिले. या क्रुसेडर सरदाराने तह मोडून व्यापाऱ्यांचे तांडे लुटले होते. ज्या कैद्याला आपल्या हातचे पाणी पाजले, त्याला मारायचे नाही, अशी अरबांची रीत. सलाहुद्दीन लगेच म्हणाला, हे पाणी याला मी दिलेले नाही.