ओट्याखालचा गिझर

मे महिन्यातल्या एका दुपारी मावसभावाबरोबर मुंबईत सांताक्रूझजवळ कालिन्याला तळमजल्यावरचं घर बघायला गेले होते. भिंतींना नवा रंग, स्वयंपाकघराच्या दाराला नवं सनमायका. मालक काका हौसेने म्हणाले, "ओट्याखालचा गिझर तसाच ठेवून जातोय. एकदम चालू आहे." त्यांनी खटका दाबला, लाल दिवा लागला, मिनिटाभरात सिंकच्या नळाला कढत पाणी आलं. भाऊ खूश. मी खाली वाकून टॉर्च लावला.

शंका आली ती पत्त्यामुळे. २६ जुलै २००५ च्या पावसात सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला गेला आणि कुलाब्याला जेमतेम ७३. त्यामुळे 'मुंबईत पूर आला होता का' असं विचारून काही कळत नाही. या गल्लीत पाणी कुठवर चढलं होतं, ते विचारावं लागतं. मिठी नदीच्या आसपासचे जुने रहिवासी अजूनही भिंतीला बोट लावून उंची दाखवतात. आणि तेवढा मोठा पूर नसला, तरी सखल भागातल्या तळमजल्यांना गुडघाभर पाणी काही नवलाचं नाही.

असं गुडघ्या-कमरेएवढं पाणी घरात शिरलं, तर न्हाणीघरातला माळ्याखाली टांगलेला गिझर वाचतो. बुडतं ते ओट्याखालचं: सिलिंडर, त्याचा रेग्युलेटर, शेगडीची नळी, आणि हौसेने बसवलेला असलाच तर ३ लिटरचा इन्स्टंट गिझर.

आता या गिझरच्या आत बघू. त्याची कॉइल म्हणजे बाहेरून तांब्याची किंवा स्टीलची नळी. नळीच्या मधोमध निकेल-क्रोमियमची तार, आणि तार व नळी यांच्यामध्ये ठासून भरलेली पांढरी पूड. ही मॅग्नेशियम ऑक्साइडची पूड दोन उलटी कामं एकाच वेळी करते. तारेची उष्णता बाहेर जाऊ देते, वीज मात्र अडवते. आपण ज्या पाण्यात हात घालतो ते पाणी आणि २३० व्होल्टची तार यांच्यात ती द्वारपालासारखी उभी असते. पण तिला एक खोड आहे. ती ओल पिते. म्हणून नळीची टोकं सील केलेली असतात. सील जुनं झालेलं असेल आणि टोकं काही तास गढूळ पाण्याखाली राहिली, तर ओल आत शिरते आणि वीज अडवण्याची पुडीची ताकद घटते.

"पण वाळवलं की झालं ना?" असं सगळेच म्हणतात. साधं, नळाचं पाणी असतं तर बऱ्याच अंशी झालंही असतं. मुंबईत तुंबलेलं पाणी नळाचं नसतं. त्यात गटार असतं, आणि भरतीची वेळ असेल तर खाडीचं खारं पाणीही मिसळलेलं असतं. पाणी उडून जातं, मीठ मागे राहतं.

हे मीठ पुढे काय करतं, ते आपल्या प्रत्येकीला स्वयंपाकघरात माहीत आहे. जून लागला की मीठदाणीतल्या मिठाला पाणी सुटतं, म्हणून आपण त्यात तांदळाचे चार दाणे टाकतो. हवेतली सापेक्ष आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलं बाष्प ओढून स्वतःच त्यात विरघळायला लागतं. आणि मुंबईचा पावसाळा म्हणजे दिवसेंदिवस त्या रेषेच्या वरच. म्हणजे एकदा बुडालेला गिझर पुढे दर पावसाळ्यात, घरात पाण्याचा थेंबही न शिरता, आतून पुन्हा ओला होतो. टर्मिनलवर, तारांच्या टोकांवर, थर्मोस्टॅटच्या संपर्कबिंदूंवर मिठाचा पातळ ओला थर बसतो. त्यातून थोडी थोडी वीज झिरपते, तांबं हिरवं पडतं, स्क्रू कुजतात.

रोज वापर असला की कॉइल तापून थोडीफार ओल हटते आणि सगळं सुरळीत भासतं. गणपतीला आठ-दहा दिवस गावी जाऊन आलं आणि खटका दाबला, की ट्रिप! अर्थात, घरात आरसीसीबी, म्हणजे झिरपणारी वीज ओळखून बंद पडणारा खटका, असेल तरच. साधा एमसीबी, म्हणजे फार जास्त वीज वाहिली की पडणारा खटका, इथे कामाचा नाही. १६ अँपिअरचा एमसीबी तारा जळू नयेत म्हणून असतो. माणूस वाचवणारा आरसीसीबी ३० मिलिअँपिअर, म्हणजे त्याच्या पाचशेव्या हिश्शाहूनही कमी वीज भलत्या वाटेने गेली तरी बंद पडतो. बरेच जण "सारखा पडतो मेला" म्हणून आरसीसीबीच काढून टाकतात. तो खरं बोलत असतो.

तर, टॉर्चच्या उजेडात मला काय दिसलं? गिझरचं बाहेरचं कवच चकचकीत होतं, पण ते प्लास्टिकचं; प्लास्टिक गंजत नाही, त्यामुळे त्याची साक्ष फुकट. काकांना विचारून, मेन स्विच पाडून खालचं झाकण उघडलं. झाकणाच्या आतल्या बाजूला, जिथे कुणाचा फडका पोचत नाही, तिथे चहाच्या कपात राहतो तसा मातकट रंगाचा वळ होता. वळाच्या खालचे स्क्रू तांबूस आणि खडबडीत, वरचे बऱ्यापैकी चांगले. रेटिंगच्या स्टिकरचा खालचा अर्धा भाग फुगलेला. मग टॉर्च भिंतीला जवळजवळ टेकवून तिरपा धरला. नव्या रंगाखाली त्याच उंचीच्या जरा वर लोणा, म्हणजे भिंतीतून बाहेर येणारा पांढरा क्षार, फुलत होता. विटांमधून ओल वर चढते, त्यामुळे भिंतीवरची खूण पाण्याच्या खऱ्या पातळीपेक्षा उंच दिसते. खरी पातळी झाकणाने सांगितली होती.

अशा वेळी मल्टिमीटरवर विसंबू नये. तो जेमतेम काही व्होल्ट लावून बघतो आणि मे महिन्यात सगळं ठीक आहे म्हणतो. इलेक्ट्रिशियनला मेगर आणायला सांगावं. तो ५०० व्होल्टचा दाब देऊन पूड अजून वीज अडवते का, ते तपासतो.

गॅसचं थोडक्यात, पण तेच जास्त जोखमीचं. रेग्युलेटरमध्ये रबरी पडदा असतो आणि त्याच्या एका बाजूला हवेसाठी बारीकसं भोक. गाळाने ते बुजलं की पडदा मोकळेपणी हलत नाही, दाब वरखाली होतो. गॅस गिझर बुडाला असेल तर बर्नरचे हवेचे मार्गही चोंदतात. गॅसला हवा कमी पडली की निळी ज्योत पिवळी होते, कारण न जळलेल्या कार्बनचे कण तिच्यात तापून चमकतात. आणि सोबत कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून जास्त पट घट्ट चिकटतो, आणि त्याला वास नसतो. बुडालेला रेग्युलेटर किंवा गॅसचा व्हॉल्व्ह धुऊन-पुसून वापरायचा नाही, बदलायचा.

काका मागून म्हणाले, "पाणी आलं होतं हो एकदा. पण पंख्याखाली ठेवून चांगला वाळवला होता."

बाहेर पडल्यावर भावाने विचारलं, "ताई, मग घर नको म्हणतेस?"

"घर चांगलं आहे. गिझर त्यांना घेऊन जाऊ दे. आणि टोकन द्यायच्या आधी जुलैत एक चक्कर मार, वायरिंग तपासायला मेगरवाल्याला घेऊन."