गंगथडीची बोली

मराठवाड्यातल्या काठच्या गावांत गोदावरीला गोदावरी कोणी फारसं म्हणत नाही. ती गंगा. तिच्या दोन्ही बाजूंची काळी माती म्हणजे गंगथडी. या पट्ट्यातल्या कलांचा माग काढू लागलं की एक सवय पुन्हापुन्हा दिसते: पंडितांची भाषा हाताशी असतानाही इथे मोलाचं ते बोलीत सांगितलं गेलं.

प्रतिष्ठान, म्हणजे आजचं पैठण, ही सातवाहनांची राजधानी. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक दर्यावर्दी व्यापाऱ्याने पैठणहून भडोचच्या बंदराकडे गाड्या भरभरून अकीक जातीचे दगड जात असल्याचं लिहून ठेवलंय. त्याच्या नोंदीत कापड आहे ते तगरचं, म्हणजे धाराशिव जिल्ह्यातल्या तेरचं. त्यामुळे पैठणीचं नातं थेट त्या काळाशी जोडताना जरा जपूनच बोलावं. सातवाहन घराण्यातल्याच हाल राजाच्या नावे ‘गाथासप्तशती’ ओळखली जाते. महाराष्ट्री प्राकृतातल्या साधारण सातशे गाथा, आणि त्यांत दरबार जवळजवळ नाहीच. शेत राखणारी पोरगी आहे, परगावी गेलेल्या नवऱ्याची वाट पाहणारी बाई आहे आणि ‘गोला’ नदी आहे. गोला म्हणजे आपलीच गंगा.

तेराव्या शतकात महानुभाव पंथाचे चक्रधरस्वामी याच काठाने फिरले. त्यांच्या आठवणी म्हाइंभटांनी ‘लीळाचरित्रा’त मराठी गद्यात बांधल्या. पंथातला कोणी संस्कृतात लिहू लागला, तेव्हा चक्रधरांचे शिष्य नागदेवाचार्य यांनी त्याला थांबवलं. अशाने संस्कृत न कळणाऱ्या माझ्या म्हाताऱ्या नागवल्या जातील, असं त्यांचं म्हणणं होतं. ज्ञानदेवांच्या घराण्याचं आपेगाव पैठणच्या जवळच, आणि खाली गंगाखेडची जनाबाई. जात्याशी, शेणगोठ्याशी बोलता बोलता तिचे अभंग झाले.

पण या सवयीला अंगाखांद्यावर खेळवलं ते पैठणच्या एकनाथांनी. संस्कृत त्यांना कमी येत नव्हतं. भागवताच्या अकराव्या स्कंधावरची मराठी टीका त्यांनी 1573 मध्ये काशीत पूर्ण केली, 1584 मध्ये ज्ञानेश्वरीची पाठशुद्ध प्रत तयार केली. तोच माणूस भारुडात जोशी झाला, वासुदेव झाला, गोंधळी झाला, महार झाला. भारूड वाचून कळत नाही, ते बघावं लागतं. टाळ-मृदंग चाललेला असतो, धोतरावर लुगडं गुंडाळलेला गडी ‘विंचू चावला’ म्हणत अंग पिळतो, लेकरं हसून लोटपोट होतात, आणि हा विंचू काम-क्रोधाचा आहे हे समोरच्या आजीला कोणी समजावून सांगावं लागत नाही.

पैठणीचीही नावं अशीच घरातली: नारळी काठ, बांगडी मोर, मुनिया, कोयरी. पदराच्या नक्षीत रंगाचे जितके तुकडे, तितक्या तिल्ल्या, म्हणजे रंगीत धाग्याच्या छोट्या कांड्या, ताण्यावर लोंबतात. विणकर एकेक तिल्ली बोटाने उचलून दोन-चार तारांत फिरवतो, शेजारच्या रंगात अडकवतो, पुन्हा सोडतो. म्हणून पदर उलटून पाहिला तरी मोर मोरच दिसतो, मागे मोकळे धागे लोंबत नाहीत. निजामाच्या दरबाराने या कामाला आश्रय दिला. पुढे मागांची मोठी वस्ती येवल्याला वाढली, पण पैठणला अजूनही माग चालतात.

आणखी खाली नांदेड. 1708 मध्ये गुरू गोविंदसिंग यांनी इथे देह ठेवला आणि ग्रंथसाहिबाला गुरूपद दिलं. तेव्हापासून या काठावर पंजाबी कीर्तनही घुमतं.

1976 मध्ये जायकवाडी धरण पुरं झालं आणि पैठणच्या वर नाथसागर पसरला. खालचं पात्र मात्र उन्हाळ्याच्या तोंडावर उघडं पडू लागलं. 1599 मध्ये नाथांनी याच पात्रात जलसमाधी घेतली, असं वारकरी मानतात. फाल्गुन वद्य षष्ठीला दिंड्या येतात त्या याच वाळवंटात. पाणी कमी असलं की षष्ठीच्या आधी गावात एकच विचारणा सुरू होते: स्नानाला पाणी कधी सोडणार?